बालशिक्षणास पात्र मुलांची संख्या कुठे वाढते, कुठे घटते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढच्या शैक्षणिक वर्षात किती मुलं दारात येतील, हा प्रश्न बालशाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला पडतो. उत्तर म्हणून बहुतेकांच्या हाती देशाचा किंवा राज्याचा एखादा सरासरी आकडा पडतो आणि त्यावर वर्ग उघडण्याचे किंवा बंद करण्याचे निर्णय होतात. सरासरीच्या भरवशावर झालेल्या अशा निर्णयांचा भार तीन-चार वर्षांच्या मुलांवर येतो. बालशिक्षिका, संस्थाचालक, स्थानिक लोकप्रतिनिधी आणि पालक या विषयावर जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत.

‘पात्र मुलं’ म्हणजे नेमकी कोणती?

ते त्या त्या ठिकाणचा नियम ठरवतो. युनेस्कोच्या शिक्षण वर्गीकरणात पहिलीच्या आधीचं सगळं शिक्षण ‘स्तर शून्य’ मध्ये येतं. त्यात दोन भाग आहेत: तीन वर्षांखालच्या बाळांसाठीचे शैक्षणिक कार्यक्रम आणि तीन वर्षांपासून पहिलीपर्यंतचं पूर्वप्राथमिक शिक्षण. पण पहिलीचं वय सगळीकडे सारखं नाही. कुठे ते पाच आहे, कुठे सहा, तर कुठे सात. त्यामुळे पूर्वप्राथमिकचा टप्पा एका देशात दोन वर्षांचा भरतो, तर दुसऱ्या देशात चार वर्षांचा.

नियम बदलला की एकही मूल जास्त जन्माला न येता पात्र मुलांची संख्या बदलते. जर्मनीत ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक बाळाला संगोपन केंद्रात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. फ्रान्सने २०१९ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं वय सहावरून तीनवर आणलं. तिथे मात्र वर्गांवर फारसा ताण आला नाही, कारण तीन वर्षांची बहुतेक सगळी मुलं आधीपासूनच बालशाळेत जात होती. भारतात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिलीच्या प्रवेशाचं किमान वय सहा करण्याकडे राज्यं वळली आहेत. जिथे आधी साडेपाचव्या वर्षी मूल पहिलीत बसायचं, तिथे आता ते काही महिने जास्त पूर्वप्राथमिकमध्ये राहणार. या काही महिन्यांसाठीही वर्गखोली लागते आणि शिक्षिका लागते. नियम बदलताना हा हिशेब बहुधा मागाहून होतो.

जगातली लहान मुलं वाढत आहेत की घटत आहेत?

जगाची बेरीज केली तर पाच वर्षांखालच्या मुलांची संख्या २०१७ च्या सुमारास शिखरावर पोहोचून आता हळूहळू उतरू लागली आहे. वर्षाला सुमारे १३ कोटी बाळं जन्माला येतात आणि दहा-बारा वर्षांपूर्वी हा आकडा याहून मोठा होता.

पण या बेरजेत दोन उलट्या दिशांचे प्रवाह मिसळले आहेत. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये साधारण ४ लाख ३८ हजार बाळं जन्मली होती, २०२३ मध्ये फक्त २ लाख ३० हजार. इटलीत २००८ मध्ये ५ लाख ७६ हजार जन्म झाले होते, २०२३ मध्ये ३ लाख ८० हजारांहूनही कमी. दुसरीकडे, एकट्या नायजेरियात वर्षाला सुमारे ७५ लाख बाळं जन्मतात, म्हणजे संपूर्ण युरोप खंडापेक्षा जास्त. जगातल्या नवजात बाळांपैकी जवळपास एक तृतीयांश बाळं आता सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्मतात. त्यामुळे ‘जगात मुलं कमी होत आहेत’ हे विधान खरं असलं, तरी कुठल्याही एका गावाच्या बालशाळेबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

एकाच देशात काही वर्ग ओस आणि काही वर्ग तुडुंब, असं का होतं?

यामागे तीन कारणं आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात.

पहिलं कारण जननदराचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत भारताचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, २.० होता, पण बिहारमध्ये तो ३.० आणि सिक्कीममध्ये १.१ होता. एकाच देशात, एकाच वर्षी, जवळजवळ तिपटीचा फरक!

दुसरं कारण तरुणांच्या स्थलांतराचं, आणि माझ्या मते याचा परिणाम सगळ्यात कमी लेखला जातो. वीस ते पस्तीस वयाची माणसं कामासाठी गाव सोडतात तेव्हा गाव त्यांना तर गमावतंच, शिवाय त्यांना पुढे होणारी मुलंही गावाच्या हिशेबातून जातात. हे नुकसान लगेच दिसत नाही. पाच-सात वर्षांनी बालशाळेचा पट घसरतो आणि लोक म्हणतात, ‘हल्ली कुणाला मुलंच नको असतात’. प्रत्यक्षात मुलं जन्मलेली असतात, फक्त दुसऱ्या पत्त्यावर.

तिसरं कारण घरांचं आहे. लहान मुलांची कुटुंबं स्वस्त आणि थोडं मोठं घर शोधत शहराच्या कडेला सरकतात. म्हणून शहराच्या जुन्या मध्यवस्तीत मुलं कमी होतात आणि कडेच्या नव्या वसाहतींमध्ये एकदम गर्दी होते. नव्या वसाहतीत जवळपास एकाच वयाची जोडपी एकाच वेळी राहायला येतात, त्यामुळे बालवयाची लाटही एकदमच येते आणि दहा-बारा वर्षांत ओसरते. तिथे कायमची मोठी इमारत बांधावी की नंतर दुसऱ्या कामाला वापरता येईल अशी बांधावी, हे आधीच ठरवलेलं बरं.

जन्म कमी झाले की बालशाळेतल्या जागा लगेच रिकाम्या होतात का?

नाही. हा सर्वात जास्त फसवणारा भाग आहे, म्हणून दोन देशांची उदाहरणं नीट पाहू.

जपानमध्ये २०१६ साली वर्षभरातले जन्म पहिल्यांदाच १० लाखांच्या खाली गेले. नेमकं त्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, संगोपन केंद्रात जागा न मिळालेल्या मुलांची अधिकृत प्रतीक्षायादी २६,०८१ वर पोहोचली. बाळं कमी होत होती, तरी रांग वाढत होती, कारण लहान मुलांच्या आया पूर्वीपेक्षा खूप मोठ्या प्रमाणावर नोकरीत टिकून राहत होत्या आणि दर शंभर मुलांमागे जागा मागणाऱ्यांचं प्रमाण चढत होतं. सरकारने जागा वाढवल्या, जन्मही घसरत राहिले आणि एप्रिल २०२३ पर्यंत यादी २,६८० वर आली. आता तिथल्या अनेक भागांत उलट अडचण आहे: केंद्र आहे, शिक्षिका आहेत, पण मुलं पुरेशी नाहीत.

चीनमध्ये घसरण आणखी वेगाने आली. २०१६ मध्ये तिथे १ कोटी ७८ लाखांहून जास्त जन्म झाले, २०२३ मध्ये ९० लाखांच्या आसपास. बालशाळांतला पट मात्र २०२० मध्ये शिखरावर होता, सुमारे ४ कोटी ८२ लाख. म्हणजे जन्मांचं शिखर गाठून गेल्यावर चार वर्षांनी. तिथून २०२४ पर्यंत तो ३ कोटी ५८ लाखांवर उतरला आणि २०२३ व २०२४ या दोन वर्षांत मिळून पस्तीस हजारांहून जास्त बालशाळा कमी झाल्या.

जन्म आणि पट यांच्यामध्ये तीन-चार वर्षांचं अंतर असतं. नियोजन करणाऱ्यांच्या हातात असलेला वेळ तेवढाच. जन्मनोंदीचा आकडा त्याच वर्षी वाचला तर शिक्षिकांच्या बदल्या, प्रशिक्षण, इमारतीचा दुसरा वापर हे सगळं शांतपणे ठरवता येतं. पट पडल्यावर जाग आली तर फक्त कुलूप लावणं उरतं.

जननदर घसरतो आहे, तरी आमच्याकडे मुलं वाढत आहेत. हे कसं शक्य आहे?

जननदर म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी किती मुलं. एकूण मुलांची संख्या त्या दराबरोबरच आया होण्याच्या वयातल्या स्त्रिया किती आहेत यावरही ठरते. तीस वर्षांपूर्वी जास्त मुली जन्मल्या असतील तर आज तरुण आयांची संख्या मोठी असते आणि प्रत्येकीला कमी मुलं झाली तरी बेरीज फुगते. याचं उलट टोकही तितकंच खरं आहे. ज्या पिढीत मुलीच कमी जन्मल्या, तिथे पुढे जननदर थोडा सुधारला तरी बाळांची संख्या लवकर वर येत नाही. जपानमध्ये हे दिसलं आहे.

आमच्या भागासाठी पुढच्या काही वर्षांचा अंदाज कसा काढायचा?

बालशिक्षणाच्या अंदाजाला एक मोठी सोय आहे: तीन वर्षांनी जी मुलं तीन वर्षांची होणार, ती आज जन्मलेली आहेत. त्यांच्यासाठी भविष्य वर्तवावं लागत नाही, फक्त मोजावं लागतं. त्यापलीकडच्या वर्षांसाठी मात्र जन्म किती होतील याचा कयास करावा लागतो आणि अंदाज तितका सैल होतो.

सोपी पद्धत अशी. मागच्या काही वर्षांत आपल्या भागात नोंदले गेलेले जन्म घ्या आणि त्यातली प्रत्येक तुकडी, म्हणजे एका वर्षात जन्मलेली मुलं, तीन वर्षांची झाली तेव्हा भागात प्रत्यक्ष किती मुलं होती ते शोधा. समजा, एका वर्षी १,००० जन्म झाले आणि तीन वर्षांनी तिथे तीन वर्षांची ९२० मुलं सापडली. प्रमाण ०.९२. या एका आकड्यात बालमृत्यू, बाहेर गेलेली कुटुंबं, नव्याने आलेली कुटुंबं आणि माहेरी बाळंत होऊन सासरी परतलेल्या आया, सगळं सामावलेलं असतं. दोन-तीन तुकड्यांचं प्रमाण साधारण तेवढंच निघालं, तर अलीकडच्या वर्षातल्या ८५० जन्मांना ०.९२ ने गुणा: ७८२ मुलं.

आता इथेच थांबू नका. ९२० मुलांपैकी ६० टक्के बालशाळेत येत होती, म्हणजे ५५२. पुढे ७८२ पैकी ७५ टक्के येऊ लागली, तर आकडा ५८७ च्या आसपास जातो. मुलं १३८ ने कमी झाली आणि जागा ३५ ने जास्त लागल्या. पात्र मुलं किती आणि येणारी मुलं किती, हे दोन आकडे कायम वेगळे लिहा.

आणखी एक बारकावा तारखेचा. जन्मनोंदी बहुधा जानेवारी ते डिसेंबर असतात, प्रवेशाचं वर्ष तसं नसतं. इंग्लंडमध्ये एका इयत्तेत १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्टदरम्यान जन्मलेली मुलं बसतात, जपानमध्ये २ एप्रिल ते पुढच्या १ एप्रिलपर्यंतची. जन्म महिनावार मिळवले तर ही गडबड टळते.

अंदाज कुठे फसतो?

मृत्यूंमुळे आता फारसा नाही. जगात पाच वर्षांखालचा मृत्युदर १९९० मध्ये दर हजार जन्मांमागे ९३ होता, तो २०२२ पर्यंत ३७ वर आला. ज्या भागांत तो अजून जास्त आहे तिथे हिशेबात धरावाच लागतो, पण तो अचानक उसळ्या मारत नाही.

फसवतं ते स्थलांतर आणि समाजाला बसलेला एखादा धक्का. पूर्व जर्मनीत १९८९ मध्ये सुमारे १ लाख ९९ हजार जन्म झाले होते. एकीकरणानंतर नोकऱ्या गेल्या, तरुण पश्चिमेकडे गेले, राहिलेल्यांनी मूल होऊ देणं लांबणीवर टाकलं आणि १९९४ मध्ये जन्म ७९ हजारांवर आले. जननदर ०.८ च्याही खाली गेला. कुठल्याही जुन्या कलावरून हे कुणी वर्तवलं नसतं. पाळणाघरं आणि बालशाळा मोठ्या संख्येने बंद झाल्या. पुढे २००८ च्या सुमारास पूर्वेकडचा जननदर पश्चिमेच्या बरोबरीला आला, आणि नंतर एक वर्षाच्या बाळालाही जागेचा हक्क मिळाला. घट कायमची आहे असं पहिल्या चार-पाच वर्षांत मानणं किती धोक्याचं असतं, हे यातून कळतं.

कधी धक्का एकाच वर्षापुरता असतो. जपानमध्ये १९६६ हे ‘अग्नि-अश्व’ वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुलींबद्दलच्या जुन्या समजुतीमुळे जन्म एकदम २५ टक्क्यांनी घसरले: १९६५ मध्ये १८ लाखांहून जास्त, १९६६ मध्ये साडेतेरा लाखांच्या आसपास, १९६७ मध्ये पुन्हा १९ लाखांच्या वर. ती छोटी तुकडी बालशाळेत, मग पहिलीत, मग पुढच्या प्रत्येक इयत्तेत खड्ड्यासारखी दिसत गेली. अशा एका वर्षाचा आकडा कलामध्ये धरला तर पुढचा सगळा अंदाज वाकडा होतो.

लहान मुलं मोजणीतून सुटतात का?

हो, आणि श्रीमंत देशांतही. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत पाच वर्षांखालची ४.६ टक्के मुलं सुटली होती असं तिथल्या जनगणना कार्यालयाच्याच विश्लेषणात आढळलं. २०२० मध्ये त्याच पद्धतीने काढलेलं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर गेलं. आजीकडे राहणारं मूल, आईबाप विभक्त झालेलं मूल, एका खोलीत दोन कुटुंबं राहत असलेल्या घरातलं मूल: विचारणाऱ्याला घरातले मोठे सांगितले जातात, हे राहून जातं.

जन्मनोंदीचंही तसंच आहे. युनिसेफच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातली पाच वर्षांखालची सुमारे १५ कोटी मुलं नोंदलेलीच नाहीत. शिवाय वय सांगताना ‘पूर्ण झालेलं’ आणि ‘चालू असलेलं’ यांची सरमिसळ होते. तीन पूर्ण झालेलं मूल चार वर्षांचं म्हणून लिहिलं जातं आणि एक तुकडी विनाकारण फुगते, शेजारची आकसते. जनगणना लांबली तर अडचण आणखी वाढते. भारतात २०११ नंतरची जनगणना २०२७ साठी जाहीर झाली आहे. २०११ मध्ये मोजलेली बाळं तोवर बालशिक्षण कधीच मागे टाकून पुढे गेलेली असतील.

मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण सुटणारी मुलं योगायोगाने सुटत नाहीत. गरीब, स्थलांतरित, भाड्याच्या घरातली मुलं सुटतात. म्हणजे ज्यांना बालशाळेची गरज सर्वात जास्त, त्यांच्याच वस्तीत कागदावर गरज कमी दिसते.

पटनोंदणी १०० टक्क्यांहून जास्त दाखवली आहे. आकडा खोटा आहे का?

तसं असेलच असं नाही. स्थूल प्रमाणात वर्गात बसलेली सगळी मुलं मोजतात, मग ती ठरलेल्या वयाची असोत वा नसोत, आणि भागतात फक्त ठरलेल्या वयाच्या मुलांनी. शेजारच्या भागातून येणारी मुलं आणि वयाने मोठी किंवा लहान मुलं यांमुळे तो आकडा शंभराच्या वर जाऊ शकतो. एकच मूल दोन ठिकाणी नोंदलेलं असलं तरीही तो फुगतो, त्यामुळे तेही तपासून घ्यावं. निव्वळ प्रमाण मागा. त्यात ठरलेल्या वयाचीच मुलं धरतात.

मुलं कमी झाली तर बालशाळा बंद करून खर्च वाचवणं योग्य नाही का?

माझं मत स्पष्ट आहे: घटता पट ही बहुतेक ठिकाणी दर्जा सुधारण्याची संधी आहे आणि ती बचतीच्या नावाखाली वाया जाते. एका शिक्षिकेमागे तीस मुलं होती ती पंधरा झाली, तर वर्ग रिकामा झाला असं म्हणायचं की आता तो वर्ग चालण्याजोगा झाला असं म्हणायचं? तीन वर्षांच्या मुलाशी बोलायला, त्याचं ऐकायला, त्याला चड्डी बदलायला मदत करायला मोठं माणूस लागतं, आणि ते सगळं तीसजणांत होत नाही.

अंतराचाही विचार हवा. माध्यमिक शाळेसाठी मूल बसने पाच-सात किलोमीटर जातं. तीन वर्षांचं मूल जात नाही. त्याची बालशाळा चालत जाण्याच्या टप्प्यात नसेल तर ते घरी राहतं, आणि मग ‘मागणीच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

अगदी सहा-सात मुलं उरली तर? तेव्हाही बंद करण्याआधी पर्याय आहेत. तीन ते सहा वर्षांचा मिश्र वयोगटाचा वर्ग लहान गावात चांगला चालतो. बालशाळा प्राथमिक शाळेच्या आवारात नेता येते. जपानने २००६ पासून बालशाळा आणि पाळणाघर एकाच छताखाली चालवणारी एकत्रित केंद्रं कायद्याने सुरू केली. कमी मुलांच्या भागात दोन अर्धवट संस्थांपेक्षा एक नीट भरलेली संस्था टिकते.

जिथे मुलं झपाट्याने वाढत आहेत, तिथे काय करावं?

तिथली कोंडी जास्त कठीण आहे. इमारत वर्ष-दोन वर्षांत उभी राहते, प्रशिक्षित शिक्षिका तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. दर वर्षी तुकडी मोठी होत असेल तर नुसतं आजचं प्रमाण टिकवायलाही दर वर्षी नव्या शिक्षिका लागतात. नोंदणीचं प्रमाण जागच्या जागी दिसतं, पण त्यामागे खूप काम झालेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांमध्ये २०३० पर्यंत प्रत्येक मुलाला बालशिक्षण मिळावं असं म्हटलं आहे आणि त्यासाठी पहिलीच्या आधीच्या एका वर्षातली उपस्थिती मोजली जाते. साधनं तुटपुंजी असतील तर निदान ते एक वर्ष सगळ्यांना, हा क्रम मला पटतो. निवडक वस्त्यांना तीन वर्षं आणि बाकीच्यांना शून्य, यापेक्षा तो न्याय्य आहे.

आमच्याकडे जन्मनोंदी अपुऱ्या आहेत. तरी अंदाज करता येईल का?

येईल. लसीकरणाची वही हा दुसरा चांगला आधार आहे. गोवराची पहिली मात्रा बहुतेक ठिकाणी नवव्या ते बाराव्या महिन्यात देतात, त्यामुळे त्या मात्रांची संख्या म्हणजे वर्षभराच्या आसपासची निदान इतकी मुलं भागात आहेतच. ती जन्मनोंदीपेक्षा जास्त निघाली, तर नोंदी कुठे गळतात ते शोधायला जागा मिळते.

त्यानंतर घरोघरची यादी. यादीत वय लिहू नका, जन्मतारीख लिहा. तारीख माहीत नसेल तर निदान महिना किंवा ऋतू विचारून लिहा. ‘घरात किती माणसं?’ असं न विचारता ‘सहा वर्षांखालचं कोण कोण इथे झोपतं?’ असं विचारा, म्हणजे नातवंडं, भाची-पुतणे आणि पाहुणं म्हणून आलेलं पण वर्षभर राहिलेलं मूलही मोजलं जातं. हंगामी कामासाठी कुटुंबं येत-जात असतील तर यादी वर्षातून दोनदा करा, एकदा ती इथे असताना आणि एकदा नसताना, आणि दोन्ही आकडे वरिष्ठांकडे वेगवेगळे पाठवा.